परप्रांतीय अन्नाची परीक्षा

परप्रांतीयांच्या स्वस्त खाणावळी हुडकून तेथील पदार्थ चाखण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे. हौस चांगली आहे. परंतु तिच्या पोटीं जें लिखाण जन्मास येतें, त्याची धांव ‘अस्सल’, ‘चविष्ट’ आणि ‘झणझणीत’ या तीन विशेषणांपलीकडे क्वचितच जाते. काव्याची परीक्षा ‘वाहवा’ म्हटल्यानें होत नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मग अन्नाची तरी कां व्हावी? अशा खाणावळी कोणत्या कसोट्यांवर पारखाव्या, हा प्रश्न आम्ही येथें घेतला आहे. आणि तो मुंबईच्या शौकिनाच्या बाजूनें न पाहतां धाराशिव जिल्ह्यांतील बेंबळीच्या रहिवाशाच्या बाजूनें पाहण्याचें योजिलें आहे.

बेंबळीच्या माणसास परप्रांतीय अन्न कोठें भेटणार, अशी शंका कोणी काढील. तिचें उत्तर इतिहासानेंच दिलें आहे. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. शेवटच्या निजामाच्या नांवावरून पडलेलें ‘उस्मानाबाद’ हें नांव जिल्ह्यानें २०२३ पर्यंत वागविलें. दुसरीकडे तुळजापूर ओलांडलें कीं सोलापूर लागतें, आणि तेथें मराठी, कानडी व तेलुगु या तिन्ही भाषा एकाच बाजारांत कानीं पडतात. प्रांतांच्या नव्या सीमा १९५६ व १९६० सालीं आंखल्या गेल्या. चुलींच्या सीमा त्यांच्या कितीतरी आधींपासून एकमेकींत मिसळल्या होत्या.

सोलापुरांत मोठी कापडगिरणी १८७७ सालीं निघाली. गिरण्या व माग यांच्या ओढीनें तेलंगणांतील पद्मशाली विणकर शहराच्या पूर्व भागांत येऊन वसले. अशा कामगारांच्या शहरांत खाणावळ ही चैनीची जागा नसते. घर मागें ठेवून आलेल्या माणसाची ती दुसरी चूल असते. ‘खाणावळ’ हा शब्दही असाच प्रवासी आहे. उत्तर कर्नाटकांत तो ‘खानावळी’ होऊन सुखानें नांदतो. तेथील लिंगायत खानावळींत ज्वारीची पातळ कडक भाकरी, भरलेल्या वांग्याची ‘एण्णेगाई’, शेंगदाण्याची व कारळाची चटणी आणि दहीं हें ताट मिळतें. बेंबळीच्या माणसास या ताटांत परकें असें एकही धान्य दिसणार नाहीं. आणि तरीही पहिल्या घांसास हें आपल्या घरचें नव्हे हें कळतें. भाकरी वाळवून दिवसच्या दिवस टिकविण्याची रीत, तेलाचें प्रमाण, चटणीचें कूट किती बारीक, एवढ्यावरच दोन घरांतील अंतर उभें असतें. तें ओळखतां येणें हीच खरी रसिकता होय.

यांतून आमची पहिली कसोटी निघते: जिचें अन्न आहे ती मंडळी तेथें रोज जेवतात काय? आईच्या हातची चव जिभेवर घेऊन बसणाऱ्या गिऱ्हाइकापुढें आचाऱ्यास लबाडी करितां येत नाहीं. मुंबईंत माटुंग्याच्या दाक्षिणात्य वस्तींत ए. रामा नायक यांनीं १९४२ सालीं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढलें. केळीच्या पानावर वाढणाऱ्या त्या पंक्तीस पुढें सर्व मुंबई लोटली, परंतु आधीं तिला स्वजनांची मान्यता होती. याच्या उलट चौकाचौकांतील ‘चायनीज’ची गाडी पाहा. तेथील मंचुरियन हा पदार्थ भारतांतच जन्मला. चिनी माणूस त्यास ओळखणारही नाहीं. तो खाऊं नये असें आमचें म्हणणें नाहीं; एक नवा देशी पदार्थ म्हणून त्याचें कौतुकच करावें. त्यायोगें चीन कळला असें मात्र समजूं नये.

दुसरी कसोटी स्वस्ताईची. स्वस्ताई हा गुण खरा, पण ती कशांतून आली हें पाहिलें पाहिजे. दख्खनी मुसलमानी पाकशास्त्रांतील दालचा घ्या. हरभऱ्याची डाळ, दुधी भोपळा, चिंचेचा कोळ आणि हाडासकट थोडेंसें मटण एका हंड्यांत शिजतें; डाळ मटणाचा स्वाद घेते आणि थोडक्या मटणांत पुष्कळ माणसें तृप्त होतात. खिचडीसोबतचा तीळ-चिंचेचा ‘खट्टा’ हीदेखील त्याच शहाणपणाची निर्मिति होय. ही स्वस्ताई बुद्धीची आहे. दुसरी एक स्वस्ताई असते, ती टेबल पुसणाऱ्या पोराच्या बालपणांतून काढलेली असते. चौदा वर्षांखालील मुलांस हॉटेलांत व ढाब्यांवर कामास लावण्याची बंदी १० ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आली. ताटाची किंमत सांगणाऱ्या टीकाकारानें तें ताट कोणी उचललें हेंही पाहिलें पाहिजे. नाहींतर त्याची टीका अर्धीच राहिली.

तिसरी कसोटी आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते: त्या बांकावर कोण बसूं शकतो? आज कोणीही कोठेंही शिरतो, म्हणून हा प्रश्न शिळा वाटेल. परंतु जातवार पंक्तींच्या काळांत परक्याचें अन्न चाखणें ही हौस नव्हती, धाडस होतें. शाहू महाराजांच्या आश्रयानें कोल्हापुरांत गंगाराम कांबळे यांनीं चहाचें दुकान काढिलें, तेव्हां ‘अस्पृश्या’च्या हातचा चहा कोण घेणार हा प्रश्न होता, महाराजांनीं स्वतः तेथें गाडी थांबवून चहा घेतला आणि बरोबरच्यांसही घ्यावयास लाविला. पुढें राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा नांवानिशीं उल्लेख आला. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यास उपाहारगृहाचें नांव घ्यावें लागलें, यावरून हा विषय जिभेपुरता नाहीं हें उघड होतें. ज्या खाणावळींत मालक, मजूर, बुरखेवाली आणि पागोटेवाला एकाच टेबलाशीं संकोचावांचून बसतात, तिच्या आमटींत मीठ किंचित् अधिक पडलें तरी आम्ही तिला वरचा क्रम देऊं.

या कसोट्या दुसऱ्यास लावावयाच्या तशा आपणांसही लागू पडतात. बेंबळीकडील मुलें शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुण्यास जातात. तेथें त्यांची ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, धपाटें आणि उस्मानाबादी शेळीचें मटण हें इतरांच्या दृष्टीनें ‘गांवरान’ नवल ठरतें. ‘गांवरान’ ही पाटी लावून तिखटाचा भडिमार करणारीं दुकानें थोडीं नाहींत. त्या तिखटानें ज्याच्या घरच्या अन्नाचें सोंग होतें, त्यालाच सोलापुरांतील तेलुगु विणकराचें किंवा हैदराबादी आचाऱ्याचें दुखणें नीट समजेल. तेव्हां परक्या खाणावळींत शिरणाऱ्यानें सर्वांत प्रसिद्ध पदार्थ मागण्याच्या भरीस न पडतां शेजारचा रोजचा गिऱ्हाईक काय जेवतो तें पाहावें आणि तेंच मागवावें. परप्रांताची ओळख तेथूनच सुरू होते.