'काँग्रेस व्यवस्था' आणि साठचे दशक : विदर्भाच्या अनुभवातून एक पुनर्विचार

रजनी कोठारी यांनी 1964 मध्ये 'एशियन सर्व्हे' या नियतकालिकात मांडलेली 'काँग्रेस व्यवस्था' ही संकल्पना आपण पदवीच्या वर्गांत जवळजवळ सिद्धान्त म्हणूनच शिकवितो. सहमतीचा एक मध्यवर्ती पक्ष आणि त्याच्या परिघावर उभे राहून त्यातील गटांवर दबाव आणणारे विरोधी पक्ष, असे तिचे स्वरूप आहे. विरोधकांना सत्ता मिळत नाही. परंतु त्यांच्या मागण्या सत्ताधारी पक्ष सामावून घेतो आणि व्यवस्था लवचीक राहते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या अखेरच्या गृहीतकास आहे.

नरखेडचा परिसर त्या काळी काटोल तहसिलीत मोडत असे. 1956 पूर्वी नरखेड आणि शेजारचे पांढुर्णा एकाच मध्य प्रदेशात होते व राजधानी नागपूर होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी या दोहोंमधून राज्याची सीमा गेली. फाजल अली आयोगाने 1955 मध्ये केलेली स्वतंत्र विदर्भाची शिफारस स्वीकारली गेली नाही आणि नागपूरचे राजधानीपद गेले. येथील विरोधाचे मूळ पक्षीय नव्हते, ते या घटनेत होते.

1962 मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या 264 पैकी 215 जागा जिंकल्या. त्याच निवडणुकीत नागपूरच्या मतदारांनी ऐंशी ओलांडलेल्या लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठविले, तर यवतमाळमधून जांबुवंतराव धोटे विधानसभेत गेले. 1964 मध्ये सभागृहातील वर्तनाबद्दल धोटे यांचे सदस्यत्व रद्द झाले. दरम्यान, यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेल्यावर नोव्हेंबर 1962 मध्ये मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. त्यांच्या निधनानंतर डिसेंबर 1963 पासून वसंतराव नाईक यांनी अकरा वर्षांहून अधिक काळ राज्य सांभाळले. दोघेही वैदर्भीय. 1971 च्या काँग्रेस लाटेत नागपूर जिंकणारे धोटेही 1980 मध्ये काँग्रेसच्याच तिकिटावर निवडून आले.

यावरून कोठारींची मांडणी खरी ठरली, असे कोणी म्हणेल. परंतु येथे सामावली गेली ती माणसे. प्रश्न सामावला गेला काय? वैदर्भीय मुख्यमंत्र्यांच्या प्रदीर्घ कारकिर्दीनंतरही 1983 मध्ये अनुशेष मोजण्यासाठी दांडेकर समिती नेमावी लागली आणि 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळे स्थापावी लागली. नेतृत्वाचे समावेशन आणि मागणीचे समावेशन या दोन भिन्न प्रक्रिया आहेत; कोठारी त्यांत पुरेसा भेद करीत नाहीत. 1974 मध्ये त्यांनी आपल्या मांडणीचा फेरविचार केला खरा, पण त्याचा रोख पक्षाच्या बदललेल्या अंतर्गत रचनेकडे अधिक होता. 1967 मध्ये अनेक राज्ये गमावणाऱ्या काँग्रेसला महाराष्ट्रात 270 पैकी 203 जागा मिळाल्या. म्हणजे हे राज्य त्यांच्या प्रतिमानाचा उत्तम नमुना ठरावे. आणि म्हणूनच उणीव येथे अधिक स्पष्ट दिसते.

1953 च्या नागपूर करारानुसार होणारे विधिमंडळाचे अधिवेशन या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. मोर्चे निघतात, निवेदने स्वीकारली जातात, आणि काही दिवसांनी शासन मुंबईस परतते. विरोधाला येथे हक्काची जागा मिळाली, हे नाकारता येत नाही. परंतु त्याबरोबर त्याला मुदतही लावली गेली. याला समावेशन म्हणावे की विरोधाची केलेली सोय, हे ठरविण्याचा निकष कोठारींच्या मांडणीत सापडत नाही.