बहराच्या प्रती मोजायच्या कोणी?

डेमियन हर्स्टने २०२१च्या फेब्रुवारीअखेर चेरीच्या बहराची आठ मुद्राचित्रं विकायला काढली, तेव्हा प्रती किती निघणार हे ठरलेलंच नव्हतं. जेमतेम आठवडाभर मागणी नोंदवायची, एका प्रतीला तीन हजार डॉलर मोजायचे, आणि जितक्या मागण्या तितक्या प्रती. 'द व्हर्च्यूज' या संचाच्या ७,४८१ प्रती अशा खपल्या. इंकजेटनं छापून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर चढवलेल्या या मालाला बाजार 'मर्यादित आवृत्ती' म्हणतो. मर्यादा घातली ती केवळ गिऱ्हाइकांच्या खिशानं.

ही रीत आता रुळली आहे, सुरतेतही. वेसू-पालच्या नव्या सदनिकांत सोफ्यामागे गुलाबी मोहोराचं झाड लटकतं, खाली सही आणि आकडा. झाड बहुधा जपानी. फाल्गुनात डांगचं जंगल ज्या पळसानं पेटतं, ज्याच्या फुलांच्या, म्हणजे केसुड्याच्या, रंगानं इथली धुळवड खेळली जाते, त्याला त्या भिंतीवर जागा नाही.

दुसऱ्या गावात हे एवढं खटकलं नसतं. सतराव्या-अठराव्या शतकांत फुललेलं झाड हा हिंदुस्थानी कापडाचा जगभर खपणारा नमुना होता. कोरोमंडलचे छीट पलंगपोश आणि गुजरातचं साखळी टाक्याचं भरतकाम यांवर खडकातून वर आलेलं, शंभर तऱ्हांच्या फुलांनी लवलेलं तेच झाड असे, आणि गुजरातचा माल मुख्यतः सुरतेच्या बंदरातून जाई. या कापडाच्या धास्तीनं फ्रान्सनं १६८६ मध्ये बंदी घातली, इंग्लंडनं १७०० आणि १७२१ मध्ये कायदे केले. छापखान्यासाठी इंग्रज कंपनीकडे मुद्रक मागणारा भीमजी पारेखही सुरतेचाच व्यापारी. त्याच्या मागणीवरून १६७४ मध्ये हेन्री हिल्स मुंबईत उतरला. आजही उधना-पांडेसऱ्यात खानदेशातून आलेल्या माणसांच्या पिढ्या साड्यांच्या छपाईवर जगतात.

अशा शहरानं छाप कशी पाहायची हे विसरावं?

ज्यांना पाहायचं आहे त्यांनी कृष्णा रेड्डींपासून (१९२५–२०१८) सुरुवात करावी. शांतिनिकेतनात शिकलेले हे शिल्पकार पॅरिसला मुद्राचित्रकार हेटरच्या 'आतलिए १७' या कार्यशाळेत पोचले. तिथे हेटर आणि मुंबईकर कैको मोती यांच्यासोबत त्यांनी एकाच पत्र्यावरून, एकाच दाबात अनेक रंग काढण्याची रीत घडवली. पत्रा निरनिराळ्या खोलीवर कोरायचा, शाईत तेल कमी-जास्त करायचं, मग एक रूळ कडक आणि एक मऊ. कडक रूळ वरचेवर फिरतो, मऊ रूळ खाचेत उतरतो. पातळ शाईवर दाट शाई बसत नाही, म्हणून रंग शेजारी राहतात, कालवले जात नाहीत. 'जर्मिनेशन' किंवा 'ब्लॉसमिंग' पाहताना फूल काढलेलं वाटत नाही. धातूतून रंग वर ढकलला जातो आणि बहर तिथेच घडतो. प्रत्येक प्रतीसाठी पत्रा नव्यानं शाईनं भरायचा, त्यामुळे दोन प्रती तंतोतंत सारख्या निघणं अवघड. इथे मर्यादा हातानं आणि धातूनं घातली आहे.

हीच निष्ठा बडोद्यात टिकली. ज्योती भट्टांनी न्यूयॉर्कच्या प्रॅटमध्ये शिकलेलं तंत्र गुजरातच्या भिंतींवरच्या झाडा-मोरांकडे नेलं. १९९९ मध्ये गुलाममोहम्मद शेख, विजय बागोडी आणि कविता शहा यांनी तिथे 'छाप' ही कार्यशाळा उभी केली. सुरतेहून गाडीनं दोन तासांची वाट.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. रविवर्मा छापखान्याच्या ओलिओग्राफवर जीव लावणं म्हणजे जुन्या कॅलेंडरवर लावणं. नामवंतांच्या तैलचित्रांच्या सेरिग्राफ-नकला नीटनेटक्या आहेत, पण त्यांत नवं काही घडत नाही. हरेन दास यांचे लाकूडठसे कसबी, मात्र त्यांतलं खेडं फार गोड.

संग्राहक म्हणतात, आकडा नसेल तर किंमत कशी टिकणार? उत्तर जपानी चित्रकार हिरोशिगेकडे आहे. कामेइदोच्या आलुबुखाराच्या बागेचं १८५७ सालचं त्याचं चित्र आकडा न घालता भरपूर छापलं गेलं. तीस वर्षांनी व्हॅन गॉगनं त्याचीच तैलरंगात नक्कल केली. आज जाणकार शोधतात त्या सुरुवातीच्या प्रती, कारण त्यांत ठशाच्या कडा धारदार आहेत आणि आकाशाचा रंग हातानं पुसून हलका केलेला आहे. किंमत छापेची आहे. १९३५ मध्ये चेरीबहराची मालिका काढणारा हिरोशी योशिदा समासात 'स्वतः छापलेलं' असा शिक्का मारी. कोरड्या सुईनं कोरलेल्या पत्र्याची कुसळं काही डझन प्रतींतच दबतात, रेघेची मखमल जाते. असा पत्रा स्वतःच थांबा म्हणतो. इंकजेटची फाइल कधीच म्हणत नाही.

म्हणून सुरतेच्या खरेदीदारानं आधी मोहोर पाहू नये. कुणी छापलं, कशावरून छापलं, शेवटच्या प्रतीनंतर पत्रा ओरखडून रद्द केला का, चित्रकारानं स्वतःसाठी राखलेल्या प्रती किती, हे विचारावं; उत्तर न देणाऱ्या विक्रेत्याला पैसे देऊ नयेत. आणि रिंग रोडच्या कापडपेढ्यांनी एवढं तरी करावं: रोटरी आणि डिजिटल यंत्रांनी मागे सारलेल्या टेबल-छपाईचं एखादं टेबल चित्रकारांना खुलं करावं. रंगागणिक वेगळी स्क्रीन जुळवणारा कारागीर तिथे पगारावर हवा, आणि चित्राखाली चित्रकाराइतक्याच ठळकपणे त्याचंही नाव हवं. कसब आणि पैसा, दोन्ही या गावात आहे; पळस छापायला न्यूयॉर्क-लंडनकडे पाहण्याचं काहीच कारण नाही.