नामपृष्ठ नसलेली पुस्तके

मराठी वाचकांच्या व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम गटांत एक विनंती रोजची झाली आहे : ‘अमुक पुस्तकाची पीडीएफ आहे का कुणाकडे?’ तासाभरात फाइल येते, तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागते आणि विषय संपतो. या देवघेवीविषयी जे बोलले जाते ते बहुतेक चोरी की सेवा, एवढ्याच वादाभोवती फिरते. तो वाद खोटा नाही. पण अभ्यासक म्हणून मला त्याआधीचा प्रश्न पडतो : आलेली वस्तू नेमकी काय आहे? पुस्तक, पुस्तकाची प्रत, की प्रतीचे अवशेष?

मर्ढेकरांचेच पाहू. ‘काही कविता’ १९४७चा, ‘आणखी काही कविता’ १९५१चा आणि त्यांच्या पश्चात १९५९ साली मौजेने काढलेला ‘मर्ढेकरांची कविता’ हा एकत्रित संग्रह. गटांत फिरणाऱ्या फायलीचे नाव असते ‘मर्ढेकर कविता फायनल’, नाहीतर नुसते आकडे. पहिली तीन-चार पाने स्कॅन करणाऱ्याने बिनकामाची म्हणून गाळलेली. आता ज्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला भरला गेला त्या १९४७च्या पुस्तकाविषयी कुणी लिहायला बसला, तर समोरची फाइल त्याच पुस्तकाची आहे हे त्याने कशावरून ठरवायचे? कायद्याच्या अंगानेही हेच. मर्ढेकर १९५६ साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे मोजली, की त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता १ जानेवारी २०१७पासून सर्वांसाठी खुल्या होतात. नंतरच्या एखाद्या संपादकाची प्रस्तावना आणि टिपा मात्र होत नाहीत. म्हणजे फाइल पाठवणे रास्त की नाही, हे सांगणारे पान नेमके तेच, जे गाळले गेले.

आपल्याकडे नकलांची परंपरा जुनी आहे. पोथी उतरवून घेणारा लहिया शेवटी पुष्पिका लिहीत असे : शक, तिथी, गाव, स्वतःचे नाव, कुणासाठी लिहिली ते. जसे पाहिले तसे लिहिले, चूक असल्यास दोष माझा नव्हे, अशी पळवाटही ठेवी. तरीही त्या दोन-चार ओळींच्या आधाराने पोथ्यांची वंशावळ लावता येते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तसे नोंदवून ठेवले, म्हणून तर तिच्या आधीचा पाठ कोणता, हा प्रश्न विचारता येतो. राजवाड्यांनी १९०९ साली आपली ज्ञानेश्वरी छापली ती हाच प्रश्न घेऊन. पीडीएफला पुष्पिका नाही. ती कुणी, कोणत्या ग्रंथालयातल्या प्रतीवरून, किती पाने गाळून केली, याचा पत्ता नाही. तीनशे वर्षांपूर्वीचा लहिया या बाबतीत आपल्यापेक्षा आधुनिक होता.

चुका मात्र त्याच आहेत. लहियाच्या हातून ध आणि घ, म आणि भ, थ आणि य यांची अदलाबदल होई. स्कॅनवरून अक्षरे ओळखणारी प्रणालीही नेमकी तिथेच अडखळते. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत जुळवलेल्या पुस्तकांतून मजकूर उचलला तर वेगळीच गंमत. पानावर ‘कीर्तन’ दिसते, शोधले तर सापडत नाही. कारण आत रफार तिसरीकडेच आहे. अमुक शब्द अमुक लेखकाने किती वेळा वापरला याचे हिशेब हल्ली असा शोध घेऊन मांडले जातात. मी ते मानत नाही.

सर्वांत मोठी हानी नियतकालिकांची झाली आहे, आणि तिला स्कॅन करणारा एकटा जबाबदार नाही. ग्रंथालयांनी वर्षाचे अंक एकत्र बांधताना वेष्टने आणि जाहिराती काढून टाकल्या. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. त्या काळच्या अंकांवर काम करायचे तर किंमत, छापखाना, तेले आणि औषधे विकणारे जाहिरातदार, हे सारे लेखांइतकेच महत्त्वाचे. बांधणीत जे वाचले ते फायलीत गेले, कारण कोरे किंवा जाहिरातीचे पान म्हणजे वाया गेलेली जागा.

डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाने हजारो मराठी पुस्तके स्कॅन केली आणि पुढे ती इंटरनेट आर्काइव्हवर आली, हे उपकारच. तिथे फायलींच्या नावांच्या आरंभी ‘२०१५’ असते. तो संग्रहाच्या क्रमांकाचा भाग. शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथापुढे २०१५ हे प्रकाशनवर्ष म्हणून छापलेली संदर्भसूची मी पाहिली आहे.

आता चोरीबद्दल. ज्या संस्था दुर्मीळ पुस्तक कपाटात ठेवून किल्ली हरवल्याचे सांगतात, त्यांना पीडीएफवाल्यांना नावे ठेवण्याचा अधिकार नाही. साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली पुस्तके संकेतस्थळावर मोफत ठेवली, त्याने कुणाचे नुकसान झाले? पण हजार प्रतींची आवृत्ती काढणाऱ्या प्रकाशकाची नवी कादंबरी पंधरवड्यात गटावर येते, त्याला ज्ञानप्रसार म्हणणे ही लबाडी आहे. काही जण दिल्ली उच्च न्यायालयाचा २०१६चा झेरॉक्स संचांचा निकाल ढालीसारखा पुढे करतात. तो वर्गातल्या अध्यापनापुरता होता. आणि दिवाळी अंक? भाऊबीजेच्या आत त्यांचीही पीडीएफ फिरू लागते. हा लेखही तुमच्यापैकी काहींच्या हाती तसाच येईल.

मी स्वतः जुने काही स्कॅन करतो तेव्हा आरंभी एक पान जोडतो : प्रत कुठली, आवृत्ती कोणती, कोणती पाने फाटलेली, लेखक कधी वारला. वेष्टन, जाहिराती, शाईचे डाग, सारे ठेवतो. फाइल त्यामुळे जड होते. गटात तक्रार आली, की मोबाइलवर उतरवायला वेळ लागतो. आणि आठवड्याभरात कुणीतरी ते पहिले पान काढून, आकार निम्मा करून ती पुन्हा पाठवली. खाली जोडलेले हात नेहमीपेक्षा जास्त होते.