मुंगसाला ओळखून बांधलेलं आवार

पेणहून नागोठण्यावरून रोह्याकडे जाताना परसापरसांत गावठी कोंबड्या चरताना दिसतात. उत्तरेला कर्नाळ्याचं रान, रोह्याच्या पश्चिमेला फणसाडचं. त्यामुळे इथे कोंबडीवर टपलेले पुष्कळ. दिवसा मुंगूस आणि घार, तिन्हीसांज झाली की रानमांजर आणि उदमांजर, भटकी कुत्री तर केव्हाही. जाणत्या हातांनी बांधलेलं कोंबड्यांचं आवार सावकाश पाहिलं की लक्षात येतं, बांधणाऱ्याने आधी यातल्या प्रत्येकाची चाल न्याहाळली आहे आणि मगच पहार हातात घेतली आहे. अशी बांधणी पायापासून वर पाहत जावी.

पहिलं कसब जागेच्या निवडीत. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळणाऱ्या या पट्ट्यात ओल मुंगसाइतकीच घातकी. खाली अंथरलेल्या ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात आणि पिल्लं जातात. म्हणून आवार परसातल्या उंचवट्यावर, न्हाणीच्या पाण्यापासून लांब. खुराड्याचं तोंड पूर्वेला. कोवळं ऊन थेट आत येतं आणि नैऋत्येकडून येणारी पावसाची झड पाठीवर घेतली जाते. एका दिशेच्या निवडीत ऊन आणि पाऊस दोघांचीही सोय लागावी, ही समज फार सुंदर आहे.

आता कुंपणाच्या बुडाशी वाका. जाळी जमिनीला टेकून थांबत नाही. ती काटकोनात बाहेर वळते आणि मातीखाली दीड फूटभर आडवी पसरते, वर काळ्या दगडांची ओळ. उकरणारं जनावर कुंपणाला नाक लावून तिथेच पंजा मारतं. दीड फूट मागे सरून उकरावं, हे त्याला सुचत नाही. पंजाखाली जाळी लागते आणि ते निघून जातं. बाहेरून पाहणाऱ्याला दिसते फक्त दगडांची ओळ. सगळ्यात मोलाचं काम मातीआड करून टाकण्यातला हा संयम मला मोह घालतो.

खांबांकडे पाहा. काही ठिकाणी ते चक्क पालवलेले दिसतील. ही उंदीरमारी, म्हणजे गिरिपुष्प. पावसाच्या तोंडावर तिचा जाड दांडा रोवला की मूळ धरतो. मेलेल्या लाकडाला वाळवी लागते, पाऊस ते कुजवतो. जिवंत खांब मात्र दरवर्षी घट्ट होत जातो, सावली धरतो आणि त्याचा छाटलेला पाला भातखाचरात हिरवळीचं खत म्हणून जातो. रोवताना एकदाच कष्ट आणि पुढे वर्षानुवर्षं वाढत जाणारी मजबुती, असा खांब कोणत्या दुकानात मिळेल?

पेणच्या गणपतीत कारागिराचा हात डोळ्यांच्या आखणीत कळतो, तसा इथे तो जाळीच्या निवडीत कळतो. बाजारातली पातळ षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दात लागला की ती फाटते. जाणकार म्हणूनच खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावतो आणि स्वस्त षटकोनी जाळी वर, जिथे जोर पडत नाही तिथे. खालच्या बारीक भोकांतून उंदीरही शिरत नाही. उंदीर कमी म्हणजे त्याच्यामागे येणारी धामणही कमी. पैसा नेमका कुठे घालायचा, याचं हे चोख उत्तर.

वरचं छत धरमतर खाडीकाठच्या गावांत पाहण्यासारखं. मासेमारीतून बाद झालेलं नायलॉनचं जाळं ताणून बांधलेलं असतं. घारीला झडप घालायला आणि पिल्लू उचलून वर उठायला मोकळं आकाश लागतं. जाळं तेवढंच हिरावतं. वारा, ऊन, पावसाची सर सगळं खाली येऊ देतं. मधोमध एक उंच बांबू दिलेला असतो, म्हणून पाचोळा साचून जाळ्याला झोळ पडत नाही. त्या एका बांबूला मनापासून दाद द्यावी.

आतलं खुराडं कारवीच्या कुडाचं. शेणमातीचं लिंपण दांड्यावर बसलेल्या कोंबड्यांच्या उंचीपर्यंतच, वरचा हातभर कुड उघडा आणि त्याला आतून बारीक जाळी. विष्ठेची उग्र वाफ वरून निघून जाते, पण झोपलेल्या पाखरांच्या अंगावर वारा येत नाही. बसायचे दांडे सालीसकट, म्हणजे पाय घसरत नाही. सगळे एकाच उंचीवर, म्हणजे वरच्या जागेसाठी भांडण नाही. अंड्यांची टोपली मात्र दांड्यांहून खाली, कारण कोंबडी रात्री उंच जागा शोधते. टोपली वर असती तर तिथेच झोपून तिने अंडी घाण केली असती. बाजूला राख-मातीचा खळगा, धुळीत लोळून पिसांतले किडे झाडायला. इथे बांधणारा कोंबडीच्या स्वभावाला आडवा जात नाही, तिच्या स्वभावाकडूनच काम करून घेतो.

दार आत उघडणारं. माणूस शिरताना कोंबड्या आपसूक मागे सरतात, फटीतून निसटत नाहीत. उंबरा वीतभर उंच, कडीला खिट्टी. कडी धक्क्याने उचकटू शकते. खिट्टी काढायला माणसाची बोटंच लागतात. दमडीमोलाच्या लाकडी तुकड्यावर रात्रीचा सगळा भरवसा टाकावा आणि तो सार्थ ठरावा, याला म्हणतात हिशेब.

मृग लागण्याआधी घरातलं कुणीतरी आवाराभोवती फेरी मारतं. सैल झालेली तार पिळतं, गिरिपुष्प छाटतं, कुडाचं लिंपण नवं करतं. कोयता, पक्कड आणि शेणमाती, एवढ्यात काम होतं. या बांधणीचा मला सर्वांत भावणारा गुण हाच. ती ज्याच्या घरची आहे, त्याच्याच हातांनी दुरुस्त होते आणि म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे काढते. परसातल्या चार-दोन कोंबड्यांसाठी एवढा विचार करणाऱ्या हातांना कारागीर म्हणायला मला जराही संकोच वाटत नाही.