‘रब्बी’ कोणी केला?

लंडनच्या नॅशनल गॅलरीत रेम्ब्रांटचे एक तैलचित्र आहे. ते १६५० नंतरच्या दशकाच्या अखेरचे. काळोख्या तपकिरी पार्श्वभूमीतून एका म्हाताऱ्याचा चेहरा पुढे येतो. डोक्यावर टोपी, दाढी वाढलेली, डोळ्यांत थकवा. गॅलरीने १८४४ साली हे चित्र घेतले, आणि पुढे कित्येक वर्षे ते ‘ज्यू रब्बी’ या नावाने ओळखले गेले. रब्बी म्हणजे ज्यूंचा धर्मशास्त्री, गुरू. आज त्या चित्राचे नाव ‘टोपी घातलेला दाढीवाला माणूस’ एवढेच आहे. कारण हा माणूस रब्बी होता, फार काय ज्यू होता, याचाही पुरावा नाही.

मग त्याला रब्बी केला कोणी? चित्रकाराने नव्हे, पाहणाऱ्याने. रेम्ब्रांटने १६३९ साली अ‍ॅम्स्टरडॅमच्या ज्यू वस्तीतल्या रस्त्यावर घर घेतले होते, हे खरे. पण शेजार म्हणजे पुरावा नव्हे. दाढी, टोपी आणि उदास डोळे एवढ्या भांडवलावर नंतरच्या रसिकांनी जात ठरवली आणि धंदाही ठरवला.

आता त्याच शहरातला खरा रब्बी पाहा. मनश्शे बेन इस्राएल हा विद्वान होता, त्याने १६२६ साली तेथे हिब्रू छापखाना काढला. १६५५ साली त्याच्या ग्रंथासाठी रेम्ब्रांटने चार चित्रे कोरून दिली. सालोम इटालिया या ज्यू कारागिराने १६४२ साली मनश्शेचे चित्र कोरले. त्यात रुंद काठाची हॅट आहे, पांढरी कॉलर आहे, नीट कातरलेली दाढी आहे. अ‍ॅम्स्टरडॅमच्या कोणत्याही प्रतिष्ठित नागरिकासारखा तो दिसतो. एफ्राइम बुएनो या ज्यू वैद्याचे चित्र तर १६४७ साली खुद्द रेम्ब्रांटने कोरले. तोही हॅट आणि झगा घातलेला सभ्य नागरिकच.

म्हणजे ज्याचे नाव ठाऊक आहे तो ज्यू माणसासारखा दिसतो, आणि ज्याचे नाव ठाऊक नाही त्या म्हाताऱ्याला ‘ज्यूसारखा’ ठरवले जाते!

आमचे सौंदर्यवादी समीक्षक म्हणतील, पाटीत काय आहे, रंग पाहा, प्रकाश पाहा. पण पाटी नजरेच्या आधी धावते. ‘रब्बी’ वाचले की त्या एका माणसाचा थकवा दिसेनासा होतो, आणि आपण त्याच्या तोंडावर साऱ्या वंशाचे दुःख शोधू लागतो. यात द्वेष नसेल, आदरही असेल. पण आदराने घडवलेला साचा हाही साचाच.

हे युरोपातच घडते असे नाही. आपल्या कोकणात मराठी बोलणारे ज्यू आहेत. ते स्वतःला बेने इस्राएल म्हणवत. गावाने मात्र त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. तेलाचा घाणा आणि तो बंद असण्याचा वार, गावाला एवढी ओळख पुरेशी होती.

मी हे चित्र, नाव झाकून, वर्गात दाखवले. कोणी म्हणाले साधू, कोणी म्हणाले मौलवी. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, माझा आजा असाच बसायचा, कामावरून आल्यावर.” मी गप्प राहिलो. माझ्याही आज्याला गावाने कधी त्याच्या नावाने हाक मारली नव्हती. त्या घरातला मी पहिला पदवीधर.

गॅलरीने पाटी बदलली, ते योग्यच केले. त्या म्हाताऱ्याचे खरे नाव आता कधीच कळणार नाही. परंतु ठाऊक नसलेली ओळख त्याच्यावर न लादणे, एवढा प्रामाणिकपणा तरी समीक्षेला जमला पाहिजे. माणसाला पाहायचे असेल तर आधी आपण चिकटवलेली पाटी काढावी लागते.