खालित्यविचार : ग्रंथ, टीका आणि जाहिरात

योग व आयुर्वेद यांच्या साह्याने केसगळती नैसर्गिक रीतीने थांबविता येते, अशा आशयाचा मजकूर आज मराठीत विपुल प्रमाणात लिहिला जातो. शहरातील कोणताही वर्दळीचा चौक घेतला तरी त्या मजकुराचे काही ना काही रूप दृष्टीस पडते. छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौकही त्याला अपवाद नाही. या मजकुराची भाषा ठरावीक आहे. ‘आपल्या ऋषिमुनींनी सांगितलेले’, ‘कोणताही दुष्परिणाम नसलेले’, ‘मुळापासून उपाय करणारे’ ही विशेषणे प्रायः एकाच क्रमाने येतात. प्राचीन ग्रंथांचा हवाला दिलेला असतो. पण ग्रंथाचे स्थान, अध्याय वा टीका यांचा उल्लेख सहसा नसतो. ज्या ग्रंथांच्या नावावर हे सारे खपते त्यांत वस्तुतः काय आहे, हे तपासून पाहणे हे वैद्याइतकेच भाषेच्या व ग्रंथांच्या अभ्यासकाचेही काम आहे.

या तपासाला क्रांती चौकापासून आरंभ करण्यास एक निराळे कारण आहे. तेथून पश्चिमेस जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर देवगिरी आहे. यादव राजा रामदेवराव (राज्यकाल १२७१ ते १३११) याचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली. हेमाडपंत म्हटले की मराठी मनाला चुना न वापरता बांधलेली देवळे, मोडी लिपी आणि फार तर ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील व्रते आठवतात, त्याचे वैद्यकावरील काम मात्र उपेक्षितच राहिले. हरिशास्त्री पराडकरांनी संपादिलेल्या व १९३९ साली मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या आवृत्तीत अरुणदत्ताच्या ‘सर्वांगसुंदरे’शेजारी हेमाद्रीची टीका छापलेली आहे. सूत्रस्थानावर तो अभ्यासकाला साथ देतो. केसांच्या रोगांचे प्रकरण ज्यात आहे त्या उत्तरस्थानासाठी मात्र अरुणदत्तावर भिस्त ठेवावी लागते. हा योगायोग असला तरी सूचक आहे. कारण सूत्रस्थान हे मुख्यतः स्वस्थ माणसाच्या आचाराचे, तर उत्तरस्थानातील हा भाग रोग्याच्या चिकित्सेचा; आणि प्रचलित लेखनातील मुख्य घोटाळा या दोहोंच्या सरमिसळीतूनच निर्माण झालेला आहे.

चरकाने सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात म्हटले आहे की, ज्याचे मस्तक नित्य तेलाने स्निग्ध असते त्याला शिरःशूल होत नाही, टक्कल पडत नाही, केस पिकत नाहीत व गळत नाहीत. जाहिरातींचा सारा डोलारा या एका विधानावर उभा करता येईल. परंतु हे विधान दिनचर्येच्या प्रकरणातील आहे. आरोग्य असताना ते टिकविण्यासाठी काय करावे, एवढेच तेथे सांगितले आहे. ज्याचे केस गेले आहेत त्याने तेल लावले असता ते परत येतील, असे चरक तेथे म्हणत नाही. वाग्भटही दिनचर्येत मस्तक, कान व पाय यांना विशेषेकरून तेल लावावे असे सांगतो, आणि त्याच अध्यायात ऊन पाणी मानेखाली घेतल्यास बलकारक, पण डोक्यावरून घेतल्यास केस व डोळे यांचे बल हरण करणारे, असा बारकावाही नोंदवितो. (घरोघरीच्या आज्या न्हाणे घालताना हाच नियम सांगत, त्यांनी वाग्भट वाचला नव्हता, हे सांगणे न लगे.) सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात मूर्धतैलाचे अभ्यंग, परिषेक, पिचू आणि बस्ती असे चार प्रकार येतात. त्यांपैकी पिचू, म्हणजे तेलात भिजविलेला कापसाचा बोळा डोक्यावर ठेवणे, हा केस गळण्यावर सांगितला आहे. म्हणजे तेलाचा चिकित्सेत उपयोग नाही असे नव्हे. पण कोणत्या अवस्थेत, कोणत्या पद्धतीने, याचे भान ग्रंथकाराला आहे. बाटलीवरील मजकुराला ते नाही.

रोगाच्या स्वरूपाचे विवेचन सुश्रुताने निदानस्थानाच्या तेराव्या अध्यायात केले आहे. रोमकूपात असलेले पित्त वाताशी मिळून केस पाडते. त्यानंतर रक्तासह कफ ते रोमकूप बंद करतो, आणि म्हणून तेथे दुसरे केस उगवत नाहीत. इंद्रलुप्त, खालित्य व रुज्या ही नावे तो एकाच विकाराला देतो. वाग्भट येथे सुश्रुतापासून फुटून निघतो. इंद्रलुप्त आणि खलती यांची उत्पत्ती सारखी असली तरी खलतीत केस क्रमाक्रमाने जातात, असा भेद तो करतो. मराठीत एकीला ‘चाई’ व दुसऱ्याला ‘टक्कल’ म्हणतात, आणि आधुनिक त्वचारोगशास्त्रही या दोन अवस्था अगदी भिन्न मानते. चाई ही शरीराच्या प्रतिकारशक्तीने केसांच्या मुळांवरच चाल केल्याने पडते व पुष्कळदा आपोआप भरून येते. पुरुषांतील नेहमीचे टक्कल मात्र आनुवंशिक प्रवृत्ती व पुरुषसंप्रेरक यांच्या योगाने केसांची मुळे उत्तरोत्तर बारीक होत गेल्याने येते. वाग्भटाला संप्रेरके ठाऊक नव्हती, आणि त्याच्या पित्तात ती कोंबण्याचा जो उद्योग अलीकडे चालतो तो ग्रंथाचा गौरव नसून विपर्यास आहे. त्याचे श्रेय निराळेच आहे. एका नावाखाली दडलेल्या दोन गोष्टी त्याने केवळ गतीच्या निरीक्षणावरून वेगळ्या केल्या.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, वाग्भट असाध्य कोणते तेही सांगतो. तिन्ही दोषांच्या प्रकोपाने झालेली, जीत डोक्याची त्वचा नखासारखी दिसते अशी खलती, किंवा अग्नीने जळाल्यासारखी निर्लोम व दाहयुक्त झालेली त्वचा, ही त्याच्या मते असाध्य होय. पित्तप्रकृतीच्या माणसाला सुरकुत्या, पांढरे केस व टक्कल लवकर येतात, असे चरकानेही विमानस्थानात म्हटले आहे. म्हणजे या प्रवृत्तीचा काही भाग जन्मजात असतो हे त्याला मान्य आहे. ‘सर्व प्रकारच्या केसगळतीवर हमखास’ असे लिहिणारा लेखक या दोघांचाही वारस ठरू शकत नाही.

आता ‘नैसर्गिक’ या शब्दाकडे वळणे प्राप्त आहे. सुश्रुताने चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात इंद्रलुप्तावर सांगितलेले उपाय असे : प्रथम स्नेहन-स्वेदन करून मस्तकातील शिरेतून रक्त काढावे, मग मनशीळ, कासीस, मोरचूद व मिरी यांचा लेप द्यावा, अथवा खोल फासण्या मारून गुंजेचा लेप पुनःपुन्हा लावावा, किंवा जाई, कण्हेर, चित्रक व करंज यांनी सिद्ध केलेले तेल वापरावे. मनशीळ हे सोमल व गंधक यांचे संयुग आहे, मोरचूद हे तांब्याचे. गुंज व कण्हेर यांची विषारी म्हणून सर्वत्र ख्याती आहे, आणि पुढील रसग्रंथांनी त्यांना उपविषांत घातले आहे. हे उपाय त्वचा चेतविणारे, दाहक, कुशल हातांची अपेक्षा ठेवणारे आहेत. ते चूक की बरोबर हा प्रश्न येथे नाही. माका, आवळा, जास्वंद व ब्राह्मी यांचे सौम्य चित्र रंगवून तेच ‘आयुर्वेद’ म्हणून पुढे ठेवताना या साऱ्या उग्र चिकित्सेचा उच्चारही केला जात नाही, हा आक्षेप आहे. निसर्गातून आलेले ते निरुपद्रवी, हे समीकरण सुश्रुताच्या संहितेत कोठेही नाही. त्याने तर विषांसाठी स्वतंत्र कल्पस्थानच लिहिले.

ग्रंथांचे सर्वच म्हणणे शिरोधार्य मानावे असेही नव्हे. टीकाग्रंथांत विदेहाच्या नावाने असे मत उद्धृत केलेले आढळते की, स्त्रियांना रजःस्राव होत असल्याने त्यांना खलती होत नाही. हे मत अनुभवाला उघड विरोधी आहे. बाळंतपणानंतर, विषमज्वरानंतर, रक्तक्षयात स्त्रियांचे केस मोठ्या प्रमाणात गळतात हे कोणत्याही घरात दिसते. योग्य चिकित्सक अशा मताचा आदराने परिहार करील. प्रचलित लेखक ते मुळी वाचतच नाही, त्यामुळे परिहाराची पाळी त्याच्यावर येत नाही.

योगाविषयीचे लेखन याहून सैल आहे. शीर्षासन व सर्वांगासन यांनी मस्तकाकडे रक्त वाहते आणि त्यामुळे केसांची मुळे पुष्ट होतात, असा युक्तिवाद असतो. ‘हठयोगप्रदीपिके’त विपरीतकरणीची फलश्रुती आहे खरी : सहा महिन्यांच्या अभ्यासानंतर सुरकुत्या व पांढरे केस दिसेनासे होतात, असे ती म्हणते. पण तेथे शब्द ‘पलित’ आहे, ‘खलित’ नव्हे. केस पिकण्याविषयी बोलले आहे, गळण्याविषयी नाही. चरकाने या दोन अवस्थांतील संबंध जोडला होता. उष्मा वातादिकांसह केशभूमी पूर्ण जाळतो तेव्हा खलती, थोडी जाळतो तेव्हा पलित, अशी त्याची उपपत्ती आहे. हठयोगाचा ग्रंथ मात्र वैद्यकाचा नाही. त्याची फलश्रुती साधकाचा उत्साह वाढविणारी आहे, तिला औषधाच्या गुणधर्माची किंमत देणे ही वाङ्मयप्रकाराची ओळख नसल्याची खूण होय. तिच्याकडे पाहण्याची योग्य रीत महाराष्ट्रातच घालून दिली गेली होती. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले, आणि उड्डियान व नौली यांत पोटातील दाब किती बदलतो हे उपकरणांनी व क्ष-किरणांनी तपासले. जे मोजले ते लिहिले. मस्तकाकडे रक्त गेल्याने टकलावर केस उगवतात, हे अशा कसोटीला उतरलेले विधान नाही. योगाभ्यासाने मनाचा ताण कमी होतो आणि ताणाने वाढलेली केसगळती त्यामुळे ओसरू शकते, इतके म्हणणे सयुक्तिक आहे. पण एवढ्यावर मथळा सजत नाही.

मग अनेकांना गुण कसा येतो? ज्वर, प्रसूती, शस्त्रक्रिया किंवा मोठा मानसिक आघात यांनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी केसगळती बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबते. केस मूठमूठ जाऊ लागले की माणूस तेल घेतो, आसने करू लागतो, आणि रोग आपल्या गतीने मावळतो. श्रेय जवळ असलेल्याला मिळते. भर्तृहरीच्या, आणि वामन पंडितांनी मराठीत आणलेल्या, नीतिशतकातील टकल्या उन्हाने पोळून झाडाखाली जातो आणि फळ नेमके त्याच्याच डोक्यावर पडते. तेथे कवी दोष दैवाला देतो. येथे फळ दैवाचे, पण नाव तेलाचे होते, एवढाच फरक.

ग्रंथांत खरोखर आजच्या उपयोगी पडेल असा विचार वेगळ्याच ठिकाणी आहे. चरकाच्या विमानस्थानाचा पहिला अध्याय क्षार व लवण यांच्या अतिसेवनाविषयी बोलतो. दुधाबरोबरही मीठ खाणारे बाह्लीक, सौराष्ट्र, सिंधू व सौवीर देशांचे लोक तो नावानिशी सांगतो आणि अतिलवणाची सवय असलेल्यांना अकाली टक्कल, पलित व सुरकुत्या येतात असे म्हणतो. मिठाविषयीचा त्याचा निष्कर्ष खरा ठरो वा न ठरो, प्रश्न विचारण्याची दिशा लक्षणीय आहे. एका प्रदेशातील पुष्कळांचे केस जात असतील तर त्या प्रदेशाच्या ताटात काय आहे ते पाहा, असा तो प्रश्न आहे.

तो प्रश्न २०२५ साली महाराष्ट्रात प्रत्यक्ष उभा राहिला. जानेवारीत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांतील स्त्रीपुरुषांच्या व मुलांच्या डोक्याला खाज सुटली आणि काही दिवसांतच हात लावताच केस हाती येऊ लागले. पुढे अठरा गावांत २७९ जणांची नोंद झाली. आरंभी पाणी, बुरशी, शाम्पू यांच्यावर संशय घेण्यात आला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके आली. विंचूदंशावरील कार्यामुळे ख्यातनाम झालेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी फेब्रुवारीत आपल्या तपासणीचे फल जाहीर केले : रास्त भावाच्या दुकानातून आलेल्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण अतिशय अधिक, आणि रोग्यांच्या रक्तात, मूत्रात व केसांतही तेच. या काळात लग्ने खोळंबल्याच्या, मुलांनी शाळेत जाणे सोडल्याच्या आणि उरलेले केसही भादरून टाकल्याच्या वार्ता आल्या. अशा घरात माक्याचे तेल व सर्वांगासन यांचा सल्ला देणे म्हणजे ताटातील गहू तसाच ठेवून डोक्याशी खेळणे होते.

एप्रिलमध्ये त्याच भागातील काहींची नखे गळू लागली. सेलेनियमच्या विषबाधेत केस व नखे दोन्ही जातात हे वैद्यकाला परिचित आहे. आयुर्वेदाच्या शारीरविचारात केस आणि नखे ही दोन्ही अस्थिधातूची मले म्हणून एकाच वर्गात ठेवलेली आहेत. प्राचीनांना सेलेनियम ठाऊक होते असे यावरून कोणी म्हणू लागेल, आणि तसे लेख निघतीलही; परंतु त्या वर्गीकरणातून निघण्याजोगे अनुमान इतकेच होते की, डोक्याचे केस झडलेल्या गावात पहिल्या आठवड्यापासून लोकांच्या बोटांकडेही पाहायला हवे होते.