‘पश्चात पत्नी’ : बातमीतली बाई आणि तिचे उत्तर

वऱ्हाडातल्या कुठल्याही वर्तमानपत्राचे जिल्हा पान उघडा. शेतकरी आत्महत्येची बातमी ठरलेल्या साच्यात येते. गावाचे नाव, वय, विहीर किंवा कीटकनाशक, नापिकी, बँकेचे आणि सावकाराचे कर्ज, आणि शेवटी एक वाक्य : त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, आई असा परिवार आहे. आमच्या नांदगाव खंडेश्वरात बसून गेली पंचवीस वर्षे मी हे वाक्य वाचते आहे. त्यात खोटे काही नाही. कोणाचा अपमानही नाही. तरीही माध्यमे, सत्ता आणि स्त्री या विषयावर काही लिहायचे तर मला या ‘पश्चात पत्नी’पासूनच सुरुवात करावी लागते.

या विषयावर आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा प्रतिमेबद्दल. साबणाच्या जाहिरातीतली बाई, मालिकेतली कारस्थानी जाऊ, बलात्काराच्या बातमीला लावलेले चवचाल शीर्षक. ही टीका खरी आहे आणि ती व्हायलाच हवी. पण डोळ्यांत खुपणारी गोष्ट निदान दिसते तरी. विचारसरणी जिथे खरी मुरलेली असते तिथे काही खुपतच नाही. तिथे फक्त एक नेहमीचे वाक्य असते. सरकी टोबणारी बाई, निंदणारी बाई, कापूस वेचणारी बाई. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतीचे निम्म्याहून जास्त कष्ट तिच्या कमरेवर आहेत हे शेतावर गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. बातमीत मात्र ती शेती करत नाही. ती कोणाच्या तरी मागे उरते. वाक्यात तिच्या वाट्याला कर्तरी क्रियापद येत नाही.

आणि हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नाही. सरकारी मदत द्यायची तर आत्महत्या ‘पात्र’ ठरावी लागते. मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावे सातबारा हवा, कर्ज हवे, वसुलीचा तगादा हवा. मग एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हाती आणि बाकीचे खात्यात ठेव म्हणून. शेती कसणारी बाईच मेली तर? जमीन तिच्या नावावर नसते, म्हणून शेतकऱ्यांच्या मोजणीत ती बहुधा येतच नाही. पोलिसांच्या नोंदीत ती गृहिणी होते आणि दुसऱ्या दिवशीच्या पानावर ‘विवाहितेची आत्महत्या’, कारण ‘घरगुती वाद’. पी. साईनाथ यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे मांडला आहे. तलाठ्याचा कागद, ठाण्यातली नोंद आणि बातमीदाराचे वाक्य ही तिन्ही एकमेकांवर रेलून उभी असतात. यातले एकही बदलायला बाकीचे दोन तयार नसतात. सत्ता म्हणतात ती मला इथे दिसते, भाषणात कमी.

बातमीतली बाई असा विषय काढला की अभ्यासक पाश्चात्त्य ग्रंथांची नावे घेतात. घ्यावीत. पण हाच प्रश्न मराठीत पहिल्यांदा इतक्या रोखठोकपणे विचारला तो आमच्याच वऱ्हाडातल्या एका बाईने, आणि तोही वर्तमानपत्र वाचून. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे हे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, सत्यशोधक समाजाचे. घरात मराठा रीतीचा गोषा, पण वाचायला कागद येत होते.

१८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मुलाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. या खटल्यावर देशभरच्या वर्तमानपत्रांनी रकाने भरले. कोणी विधवाविवाहाची बाजू घेतली, कोणी बायकांच्या बिघडत्या चालीवर बोट ठेवले. दुसऱ्या गटात ‘पुणेवैभव’ होते. ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली आणि १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे छोटे पुस्तक निघाले. प्रती पाचशे.

या पुस्तकाला पहिले स्त्रीवादी पुस्तक म्हणतात. ते ठीकच. पण मी ते पुन्हा पुन्हा वाचते ते दुसऱ्या कारणासाठी. ते माध्यमांचे परीक्षण आहे. खटल्याच्या बातमीत बाई होती, मूल होते, न्यायाधीश होता. पुरुष नव्हता. मूल एकटीचे होत नाही ही गोष्ट इतक्या रकान्यांतून निसटली होती, आणि ताराबाई नेमके तिथेच बोट ठेवतात. ज्याने फसवले तो उजळ माथ्याने गावात फिरतो, आणि जिला फसवले तिची चाल साऱ्या जातीला शिकवण म्हणून छापली जाते. पुढे त्या विचारतात की साहस, कपट, अविचार हे जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय? मग एकेक घेऊन तुलना करतात. पुस्तकाचे नाव त्यावरूनच.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या एका संपादकावर थांबत नाहीत. हा संपादक असे का लिहितो, त्याने ही बाई कुठे पाहिली, याचा त्या माग काढतात. पोथ्यांतल्या पतिव्रता, पुराणातल्या कथा, आणि त्या काळातल्या नव्या कादंबऱ्या. हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. ताराबाईंच्या वाचनात या आल्या होत्या आणि त्यांतल्या नायिकांवर, त्यांना लिहिणाऱ्यांवर त्या तुटून पडतात. छापलेली बाई आणि घरातली बाई यांत अंतर का आहे, आणि त्या अंतराचा फायदा कोणाला होतो, हा त्यांचा प्रश्न आहे. आज विद्यापीठात याला मोठे नाव आहे. त्यांच्याजवळ नाव नव्हते, घरात आलेला कागद होता आणि राग होता. भाषा शिवराळ वाटेल इतकी खडखडीत. काही अभ्यासकांना ती ओबडधोबड वाटते. मला विचाराल तर पुण्याच्या मुद्रित मराठीला बुलढाण्याच्या ओसरीवरून दिलेले उत्तर असेच असणार होते.

उत्तराचे काय झाले? टीका झाली, टर उडवली गेली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक नाही. पहिलेही लोकांच्या आठवणीतून गेले ते स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापीपर्यंत. मध्ये नव्वदहून अधिक वर्षे गेली. या काळात मराठीत स्त्रियांसाठी मासिके निघाली, ‘स्त्री’ १९३० साली निघाले, सुधारणेवर हजारो पाने छापली गेली. त्या पानांना ताराबाई ठाऊक नव्हत्या. माध्यमांची ताकद मला बदनामीपेक्षा इथे जास्त जाणवते. बाई बोलली तरी तिचे बोलणे पुढच्या बोलणाऱ्यापर्यंत पोचू न देणे. प्रत्येकीने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

सव्वाशे वर्षांनंतरचे खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६, भंडारा जिल्हा, मोहाडी तालुका. सुरेखा भोतमांगे, मुलगी प्रियंका आणि दोन मुलगे यांना गावाने ठार मारले. त्यामागचा घटनाक्रम साधा होता. शेजारगावच्या पोलीस पाटलाला झालेल्या मारहाणीत या मायलेकींनी आरोपी ओळखले होते. साक्ष दिली होती. दलित बाईने गावातल्या दांडग्यांची नावे घेतली, ही खरी बातमी होती. सुरुवातीच्या वृत्तांत छापून आले ते ‘अनैतिक संबंध’. साक्ष देणे ही तिची कृती होती, ती गेली आणि तिच्या जागी तिचे चारित्र्य आले. विजयालक्ष्मीच्या बातमीत पुरुष गायब होता, इथे जात गायब झाली. घटनेनंतर तिसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नागपूरच्या दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेच्या पन्नाशीसाठी लाखो लोक जमले होते, आणि खैरलांजी त्यातल्या बहुतेकांच्या कानावरही नव्हती. नोव्हेंबरात नागपूर-अमरावतीत लोक रस्त्यावर आले, त्यांत बाया पुढे होत्या, तेव्हा कुठे मोठ्या पत्रांचे बातमीदार धावले. त्या वेळी मंत्रालयातून नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका आली आणि तीही तितक्याच तत्परतेने छापली गेली. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लावला नाही. सूड, जात नव्हे, असे ठरले.

प्रतिमा नेहमी वाईटच असते असे नाही. चांगली प्रतिमाही कामाला लावता येते. २००६ नंतर शेतकऱ्याची विधवा हे वऱ्हाड-विदर्भाचे चित्रच होऊन बसले. नवऱ्याचा फोटो मांडीवर घेतलेली, दारात बसलेली बाई. २००८ साली लोकसभेत राहुल गांधींनी यवतमाळ जिल्ह्यातल्या कलावतीबाईंचे नाव घेतले आणि आठवडाभरात ते नाव एका बाईचे न राहता रूपक झाले. कॅमेरे जळक्याच्या वाटेला लागले. त्यातले किती जण तिने पेरले काय हे विचारून परतले असतील?

जानेवारी २०१९ चे यवतमाळचे साहित्य संमेलन या साऱ्याचा नमुना म्हणून पाहावे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यायच्या होत्या. इंग्रजीत लिहिणारी कशाला, म्हणून विरोधाची धमकी आली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतले. अनेक लेखकांनी बहिष्कार टाकला. अध्यक्ष अरुणा ढेरे होत्या. उद्घाटन झाले ते वैशाली येडे यांच्या हस्ते. शेतकऱ्याची विधवा, अंगणवाडीत काम करणारी, ‘तेरवं’ या नाटकात उभी राहणारी. एका बाईला गप्प करून रिकामी झालेली खुर्ची दुसरीने भरायची, आणि दुसरी इतकी दुःखी असावी की कोणाला आक्षेपच घेता येऊ नये. आयोजकांच्या मनात हे असेल-नसेल, मला ठाऊक नाही. छापून आलेल्या मांडणीत ते होते.

पण वैशालीताई माइकसमोर आल्या आणि ठरलेली भूमिका त्यांनी सोडली. अडीअडचणीला दिल्लीची नाही तर गल्लीतलीच बाई धावून येते, या अर्थाचे बोलल्या. वाक्य कडू होते, आणि ते कोणत्या बाजूने कोणाला लागले याची चर्चा बरीच झाली. पुनर्जन्मावर आपला विश्वास नाही, याच जन्मात झगडायचे आहे, असे त्यांनी सांगितले. वैधव्य ही गोष्ट व्यवस्थेने दिलेली आहे हे त्यांनी त्या मांडवात, साहित्यिकांना, उभ्याने ऐकवले. मला ते भाषण ताराबाईंच्या ओळीतले वाटते. ‘पश्चात’मधून बाहेर पडून कर्ता झालेल्या बाईचे. दुसऱ्या दिवशीची शीर्षके मात्र बहुतेक ठिकाणी तिचे अश्रू, तिची वेदना आणि गहिवरलेला मंडप. ती रडायला नव्हे, बोलायला आली होती. पुढे त्याच वर्षी त्या यवतमाळ-वाशिममधून लोकसभेला उभ्या राहिल्या, तरी पत्रांत विशेषण तेच राहिले : शेतकरी विधवा.

कोणत्या नावाने हाक मारावी यातही सत्ता आहे. २०२४ च्या उन्हाळ्यानंतर राज्यभरच्या फलकांवर, एसटीच्या पाठीवर, वर्तमानपत्रांच्या पूर्ण पानांवर ‘लाडकी बहीण’ आली. महिन्याला पंधराशे रुपये. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी बायांना ते रुपये औषधाला, लेकराच्या फीला उपयोगी पडतात, आणि घरातल्या माणसापुढे हात पसरावा लागत नाही. ज्यांना हे क्षुल्लक वाटते त्यांनी तो हात पसरून पाहावा. माझे भांडण रुपयांशी नाही, विशेषणाशी आहे. नागरिकाला हक्क असतो आणि तो हिशेब मागू शकतो. लाडक्या बहिणीला ओवाळणी असते. ओवाळणी कमी पडली म्हणून भावाला जाब विचारणारी बहीण आपल्या गोष्टींत वाईट ठरते. जाहिरातीने मतदाराला नात्यात बसवले, आणि वर्तमानपत्रांनी तो शब्द जाहिरातीपुरता न ठेवता बातमीतही घेतला. आता ‘लाडक्या बहिणी अपात्र’ अशी शीर्षके येतात. पात्र-अपात्र हे शब्द आत्महत्येच्या यादीतून निघून तिच्यापर्यंत पोचले, तेही कोणाला खुपले नाही.

बायांनी स्वतःची माध्यमे काढली नाहीत असे नाही. मीनाक्षी मून यांचे ‘मैत्राणी’, विद्या बाळ यांचे १९८९ पासूनचे ‘मिळून साऱ्याजणी’. त्याच वर्षी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ आले. आंबेडकरी चळवळीतल्या बायांना त्यांच्याच तोंडून बोलते करणारे पुस्तक. आज बचत गटातल्या बाईच्या हातात मोबाइल आहे. त्यावर व्रतकथा, कीर्तन, भाजीचे भाव आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस येतात. तिचे स्वतःचे कधी तरी येते, आवाजाच्या रूपात, लिहून नव्हे. ते आवाज कोणी साठवून ठेवत नाही.

वैशाली येडे यांचे भाषण अजून मोबाइलवर सापडते. पण त्या आठवड्यात वऱ्हाडातल्या पत्रांनी ते कसे छापले, कोणते वाक्य घेतले, कोणते गाळले, हे ताडून पाहायचे म्हणून मागच्या वर्षी मी एका वाचनालयात जुने अंक मागितले. तिथल्या माणसाने कपाट उघडून दाखवले. तीन महिन्यांपुढचे अंक ठेवत नाहीत, म्हणाला. जागा नाही. २०१९ चे गठ्ठे कधीचे किलोच्या भावाने गेले होते. दोन घरी अजून कात्रणे आहेत असे समजले आहे. एक चांदूर रेल्वेला, एक दारव्ह्याकडे. दिवाळीनंतर तिकडे जायचे आहे.